आवाजाला ठिबक: जुन्या लॅटरलच्या नळ्यांवर ध्वनिलहर कशी अडकवायची

केळीची बाग मोडली की बांधावर जुन्या लॅटरलची, म्हणजे ठिबक सिंचनाच्या बारीक नळ्यांची, वेटोळी येऊन पडतात. ड्रिपर क्षारांनी चोंदलेले, नळी खारींनी जागोजागी कुरतडलेली. भंगारवाला येईपर्यंत ती तिथेच ऊन खात पडून असतात. जळगाव जिल्ह्यातलं यावल, रावेर, चोपडा, कुठल्याही शिवारात जा, चार मीटर नळी कोणीही देईल. आपल्याला साधारण पंधरा मीटर लागेल.

या नळीचे बोटभर तुकडे करून, बुडं बंद करून, एकाला एक चिकटून रांगेत उभे केले, तर त्यांच्या तोंडांवरून आवाज सरपटत जातो. वर उघडी हवा असते, झाकण नसतं, तरी आवाज वर उडून जात नाही. पाहिल्याशिवाय पटत नाही. म्हणून हा लेख: काय आणायचं, कसं बांधायचं, काय मोजायचं आणि आकडे फसले तर चूक कुठे शोधायची.

आधी कान तयार करा

खर्च शून्य असलेला एक प्रयोग आधी करून घ्या. उघड्यावरच्या, वीसेक पायऱ्यांच्या दगडी जिन्यासमोर दहा मीटरवर उभे राहा आणि एक कडक टाळी वाजवा. नदीचा घाट असेल तर उत्तम, आसपास गोंगाट नसला म्हणजे झालं. परत येणारा प्रतिध्वनी टाळीसारखा नसतो. तो ‘च्यूं’ असा बारीक सुरासारखा येतो. प्रत्येक पायरी टाळीचा थोडा थोडा आवाज परत पाठवते. पायरी ३० सेंमी रुंद असेल तर लागोपाठच्या दोन प्रतिध्वनींच्या वाटेत ६० सेंमीचा फरक पडतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला तर ते ठोके सेकंदाला सुमारे ५८० वेळा कानावर येतात आणि कानाला त्याचा सूर वाटतो. वरच्या पायऱ्यांकडून येताना वाट थोडी वाढते, म्हणून सूर खाली उतरतो. मेक्सिकोत चिचेन इत्झाच्या पिरॅमिडसमोर पर्यटक याच चिवचिवाटासाठी टाळ्या वाजवतात.

टाळीत सूर नव्हता, तो रांगेने दिला. ठरावीक अंतरावर तीच वस्तू पुन्हा पुन्हा आली की लहरीला त्या अंतराची दखल घ्यावीच लागते. १९९५ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी माद्रिदमधल्या एका शिल्पावर हे मोजलं. युसेबियो सेम्पेरे यांचं हे शिल्प म्हणजे १० सेंमी अंतरावर चौकटीत उभ्या केलेल्या, २.९ सेंमी जाडीच्या स्टीलच्या नळ्यांचा गोल झुबका. १६७० हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्यातून पलीकडे जाताना ठळकपणे क्षीण होत होता. ३४० ला दुप्पट अंतराने, म्हणजे ०.२ ने भागा: १७०० येतात. जिन्याचाच हिशेब.

आपला प्रयोग याच्या एक पाऊल पुढचा आहे. तिथे रांग आवाज अडवते, इथे ती आवाजाला धरून घेऊन जाते.

धरून कशी ठेवते

नळीचं एक तोंड बंद असलं की तिचा स्वतःचा एक सूर असतो: ज्याची तरंगलांबी नळीच्या खोलीच्या चौपट, तो. ५० मिमी खोल नळीचा सूर १७०० हर्ट्झच्या आसपास येतो. पेनच्या टोपणात फुंकर मारून शिट्टी काढतो, तीच ही गोष्ट.

आता नळीला तिच्या सुरापेक्षा थोडा खालचा सूर ऐकवा. आतली हवा वरखाली हलायला लागते, आणि भरपूर हलते. शेजारच्या नळीचं तोंड अगदी लगत असल्यामुळे हिने ढकललेली हवा तिच्या तोंडावर जाते, मग तीही हलते. एरंडोलजवळच्या फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांबद्दल सांगतात की एक हलवला की दुसरा डोलायचा. इथे तसे अडीचशे मनोरे एका रांगेत आहेत असं समजा. मात्र प्रत्येक नळी हवा आत घेऊन थोडी दमवून मग पुढे सोडते, म्हणून हा निरोप उघड्या हवेतल्या आवाजापेक्षा सावकाश जातो.

सगळी मेख या सावकाशपणात आहे. लहर सावकाश म्हणजे तिची तरंगलांबी आखूड. १४०० हर्ट्झला मोकळ्या हवेत आवाजाची तरंगलांबी २५१ मिमी असते, नळ्यांवर ती ९० मिमीवर येते. म्हणजे इथे हवा वर ढकलली जात असेल, तर ४५ मिमी पुढे ती त्याच क्षणी आत ओढली जाते. वरच्या हवेला यातलं काही ऐकू जात नाही, कारण एका नळीने ढकललेलं शेजारणीने लगेच गिळलेलं असतं. हवा आडवी सळसळते आणि वरच्या वर जिरते. जी लहर हवेतल्या आवाजापेक्षा हळू चालते, ती हवेत सुटूच शकत नाही. छत नसताना आवाज अडकतो तो असा.

साहित्य

१६ मिमीची साधी लॅटरल घ्या, आतला व्यास १४ मिमीच्या आसपास असतो. इनलाइन नको, तिच्या पोटात ड्रिपर बसवलेले असतात. ऑनलाइन, म्हणजे बाहेरून टोचलेल्या ड्रिपरची जुनी नळी चालेल, पण ड्रिपरच्या भोकाचा भाग टाळून तुकडे पाडा. भोक असलेली एक नळी आली तरी ती मुकी राहते. कापायला डाळिंब छाटायचा सिकेटर झकास, हॅक्सॉ ब्लेडने कडेला कुसळं राहतात. शिवाय एक मीटर लांबीच्या, १६ सेंमी रुंदीच्या दोन फळ्या, तळाला एक पट्टी, दोन टोकांना दोन तुकडे, किलोभर पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) आणि चिकटपट्टी.

मोजायला दोन फोन, एक छोटा ब्लूटूथ स्पीकर, आणि माइक असलेला तारेचा इअरफोन. ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप दोन्ही फोनांवर टाका. ते जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात तयार झालं आहे आणि त्यात सूर वाजवण्याची, आवाजाची पातळी बघण्याची आणि स्पेक्ट्रमची सोय आहे.

बांधणी

फळ्यांची पन्हळ करा: आतली रुंदी ६५ मिमी, वरचं तोंड उघडं. बाजूच्या भिंती नळ्यांच्या तोंडांपासून निदान १० सेंमी वर आल्या पाहिजेत. बिनभिंतीची पट्टी केली तर लहर बाजूला पसरते आणि हिशेब बिघडतो. भिंती असल्या की चारच नळ्यांची रुंदी अमर्याद रुंदीसारखी वागते.

५५ मिमीचे २४८ तुकडे कापा. आकडा बघून घाबरू नका, सिकेटर असेल तर तासाभराचं काम. पहिला तुकडा मोजून घ्या आणि बाकीचे त्याला लावून कापा. आधीच्या तुकड्याला लावून पुढचा कापत गेलात तर प्रत्येक वेळी माप थोडं सरकतं आणि शेवटचा तुकडा ६५ चा निघतो. माझा भाचा असंच कापत गेला होता. मग पोतंभर नळ्या पुन्हा निवडाव्या लागल्या.

आता गुळगुळीत फरशीवर चार बाय दहा अशा ओळींत नळ्या उलट्या उभ्या करा, बाहेरून चिकटपट्टी गुंडाळून वीट करा. फरशीवर टेकलेली बाजू म्हणजे आपली तोंडं, ती एका पातळीत येतात. अशा सहा विटा आणि उरलेल्या आठ नळ्या.

बुडं बंद करायला पहिल्यांदा मी शेतातली काळी माती मळून पसरली आणि त्यात नळ्या रोवल्या. संध्याकाळी सगळं छान चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर आवाज मेलेला, कुठलाच आकडा जुळेना. कापसाची काळी जमीन वाळली की भेगाळते हे खान्देशात मी कोणाला सांगावं! माती आक्रसली होती, प्रत्येक बुडाशी केसाएवढी फट, आणि चारी बाजूंनी नळ्या एकमेकींशी बोलत होत्या. शेजारचे काका तोपर्यंत येऊन बघून गेले होते: ‘‘आवाजले बी ठिबक का भाऊ?’’ एवढंच विचारलं आणि हसत निघाले.

पीओपी वाळताना आक्रसत नाही, उलट किंचित फुगतो. म्हणून तोच वापरा. मात्र तो दहा मिनिटांत धरतो, त्यामुळे सगळी पन्हळ एकदम भरू नका. दोन विटांपुरती जागा, ५ मिमी जाडीचा थर, लगेच विटा दाबून बसवा, मग पुढची जागा. आत उरलेली खोली ५० मिमी आली का ते खराट्याचा हीर घालून दहा-बारा नळ्यांत तपासा. एक-दीड मिमीचा फरक चालतो. नळ्यांच्या मधल्या चौकोनी फटींची बुडंही पीओपीने बंद होतात. त्या बुजवू नका, त्याही तेवढ्याच खोल नळ्या आहेत आणि आपल्या बाजूने काम करतात. सगळं धरून तळाचा सुमारे ८० टक्के भाग ‘तोंड’ होतो. हा ०.८ आकडा पुढे लागेल.

एका टोकाच्या फळीला, नळ्यांच्या तोंडांना अगदी लागून वर, १६ मिमीचं भोक पाडा. बाहेरून त्याला स्पीकर टेकवा आणि भोवती जुनं फडकं गुंडाळा, नाहीतर आवाज बाहेरून वळसा घालून माइकपर्यंत येतो. दुसरं टोक फळीने घट्ट बंद.

मोजणी

इअरफोनचा माइक तारेवरच्या बटणाच्या डबीत असतो, बोंडात नाही. पुष्कळजण बोंड फिरवत बसतात. ती डबी हिराच्या टोकाला बांधा. पन्हळीच्या काठावर टेप चिकटवा, माइक नळ्यांच्या तोंडापासून ५ मिमी वर ठेवा आणि स्पीकरवर १४०० हर्ट्झ लावा. आवाज बेताचाच ठेवा.

लहर पलीकडच्या फळीवर आपटून परत येते. जाणारी आणि येणारी मिळून जागोजाग शांत जागा तयार होतात. लगतच्या दोन शांत जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. मोठ्या आवाजाच्या जागा शोधू नका, त्या पसरट असतात. शांत जागा टोकदार असते आणि दोन-तीन मिमीच्या आत सापडते. माइक ५-५ मिमीने सरकवा, पातळी पडली की थांबा आणि मिलिमीटरने पुढेमागे करा.

सुरुवात स्पीकरच्या टोकाकडून नव्हे, बंद फळीच्या टोकाकडून करा. लहर जाता-येता थकते. स्पीकरजवळ पोचेपर्यंत परतणारी लहर दुबळी झालेली असते आणि शांत जागा पुरेशा शांत राहत नाहीत. पाच-सहा शांत जागा मोजा, पहिली ते शेवटची अंतर घ्या आणि मधल्या घरांच्या संख्येने भागा.

फोनबद्दल एक सावधगिरी. काही फोन सतत वाजणारा एकसुरी आवाज गोंगाट समजून हळूहळू दाबतात. माइक न हलवता पातळी आपोआप घसरत असेल तर दुसरा फोन घ्या. डेसिबलचा खरा आकडा महत्त्वाचा नाही, दोन जागांतला फरक महत्त्वाचा.

हिशेब

मोकळ्या हवेतली तरंगलांबी काढा: आवाजाचा वेग भागिले वारंवारता. नळीची खोली त्या तरंगलांबीने भागा, ३६० ने गुणा. आलेल्या अंशांचा टॅन घ्या, ०.८ ने गुणा, वर्ग करा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. मोकळी तरंगलांबी या आकड्याने भागली की नळ्यांवरची तरंगलांबी मिळते. खोली ५० न धरता ५१ मिमी धरा, कारण तोंडाबाहेरची थोडी हवाही नळीबरोबर हलते.

३५ अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५२ मीटर. १००० हर्ट्झला अर्धी तरंगलांबी मोकळ्या हवेत १७६ मिमी, नळ्यांवर १२३. १२०० ला १४७ ऐवजी ८०. १४०० ला १२६ ऐवजी ४५. १५०० ला ११७ ऐवजी जेमतेम ३०. घरी केलेल्या पन्हळीत १४०० ला ४० ते ५० मध्ये आकडा आला तर समाधान माना. ६० च्या वर आला तर बुडं तपासा.

१६०० च्या आसपास अर्धी तरंगलांबी १६ मिमीला, म्हणजे दोन नळ्यांमधल्या अंतराला येऊन भिडते. एक नळी ढकलते, लगतची ओढते, पुन्हा पुढची ढकलते. याहून आखूड लहर ही रांग ओळखतच नाही. भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांसाठी जो नियम मांडला, तोच इथे लॅटरलच्या तुकड्यांना लागू पडतो. स्पीकर १७०० वर न्या: पलीकडच्या टोकाशी, तोंडांलगत ठेवलेल्या माइकवर पातळी धाडकन पडेल. नळ्यांवरून जायची वाट बंद झाली.

मला सगळ्यात गंमत वाटली ती निरोपाच्या वेगाची. १३५० हर्ट्झच्या आसपास आवाजाचा एखादा छोटा टिपका सोडला तर तो नळ्यांवरून सेकंदाला साधारण ३३ मीटरने, म्हणजे ताशी १२० किमीने सरकतो. भुसावळहून सुटलेली एक्स्प्रेस वेगात आली की साधारण तेवढ्याच वेगाने धावते. मोकळ्या हवेत आवाज ताशी साडेबाराशे किमीच्या पुढे असतो.

खरंच अडकला आहे का

१४०० वरच ठेवा. एका मोठ्या आवाजाच्या जागी माइक धरा आणि सरळ वर उचला. दर १५ मिमीला पातळी सुमारे ९ डेसिबलने उतरली पाहिजे. तीन बोटं उंचीवर आवाज जवळजवळ संपतो. १००० हर्ट्झला हीच घसरण बरीच मंद असते, तेवढ्यासाठी ५४ मिमी वर जावं लागतं, म्हणजे लहर सैल धरलेली आहे. सूर जसा नळीच्या सुराजवळ जातो तशी मिठी घट्ट होते आणि लहर थकतेही लवकर. १५०० च्या पुढे मीटरभर वाट ती धड पार करत नाही. प्रात्यक्षिकासाठी १३५० ते १४५० हा पट्टा बरा.

त्यानंतर पुठ्ठ्याची पट्टी कापून नळ्यांच्या तोंडांवर सपाट ठेवा. ही पायरी गाळू नका. तीच पन्हळ, तोच स्पीकर, तोच सूर, फक्त तोंडं बंद. आता माइक वर उचलला तरी पातळी तशी घसरत नाही आणि शांत जागा सापडल्याच तर १२६ मिमीच्या आसपास, मोकळ्या हवेच्या मापाने. पुठ्ठा काढा-ठेवा करत राहा, बघणाऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

मोजताना तापमान लिहून ठेवा. एरवी कोणी लक्ष देत नाही, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि जानेवारीच्या पहाटे १० च्या खाली जातो. आवाजाचा वेग त्यामुळे ३५८ वरून ३३७ वर येतो, फरक फक्त सहा टक्क्यांचा. नळ्यांवर मात्र तो भडक होऊन दिसतो: १४०० हर्ट्झला दोन शांत जागांमधलं अंतर मेच्या दुपारी ४९ मिमी, जानेवारीत पहाटे १० अंशांना ३५-३६. एकच पन्हळ सकाळ-दुपार मोजली तरी फरक कळतो.

केळीच्या बागेत असं होतं का

हा प्रश्न हमखास येतो. बागेत शिरलं की बाहेरचा गोंगाट तुटतो, खोडं तर दीड-दीड मीटरवर रांगेत उभी. मग आवाज त्या रांगांत अडकतो का? नाही. दीड मीटरच्या रांगेचा सूर येतो ११७ हर्ट्झ, आणि वीस-पंचवीस सेंमी जाडीची खोडं त्या जागेचा जेमतेम दोन टक्के भाग व्यापतात. एवढ्या विरळ रांगेला तीन मीटर लांबीची लहर दाद देत नाही. बागेतली शांतता पानांची, पाचटाची आणि ओल्या भुसभुशीत जमिनीची. रांगेला श्रेय देऊ नका.

पुढची पन्हळ

पहिली जमली की दुसरी अशी करा: नळ्यांची खोली सारखी न ठेवता स्पीकरकडून पलीकडे वाढवत न्या. पहिल्या बारा ओळी ४५ मिमी, पुढच्या बारा ५०, मग ५५, ६०, शेवटच्या ६५. तोंडं सगळी एका पातळीत, म्हणून पीओपीचा थर पायरी-पायरीने खाली उतरवावा लागेल. तळाची पट्टी पातळ लाकडी चकत्यांवर ठेवली की सोपं जातं.

आता १५०० हर्ट्झ वाजवा आणि माइक लांबीभर फिरवा. आवाज मध्याच्या आसपास, ५५ च्या नळ्यांशी येऊन साचेल आणि पुढे जवळजवळ काही नसेल. १३५० लावा, तो आणखी पुढे, ६० च्या नळ्यांपर्यंत जाऊन थांबेल. प्रत्येक सूर आपल्या खोलीच्या नळीशी पोचेपर्यंत हळू होत जातो आणि तिथे मुक्काम करतो. भाच्याने दोन्ही सूर एकदम वाजवले, डोळे मिटून माइक फिरवला आणि नुसत्या इअरफोनवर ऐकून दोन्हींच्या जागी खडूने खुणा केल्या. टेप लावून पाहिलं तर दोन बोटांची चूक होती.